सामनेवाल्याची नोकरी

हल्ली मला कुणी पाडत नाही. वर्ध्याला मुलाकडे राहायला आल्यापासून जुने विद्यार्थी सणासुदीला भेटायला येतात. आधी वाकून पाया पडतात, मग हौसेनं म्हणतात, "काका, एक डाव होऊन जाऊ द्या." मी अंगणात उभा राहतो, मनगट पुढे करतो. त्यांचं मनगट माझ्या मनगटाला टेकतं आणि मला कळतं, यात जोर नाही. मी जरासा रेटा देतो, ते लडखडल्याचं सोंग झकास करतात, सूनबाई चहा आणतात. सगळे खूश होऊन जातात. मी मात्र बराच वेळ अंगणातच बसून राहतो आणि मला हिंगणघाटच्या सरकी काढायच्या जिनातला तो कापूस आठवत राहतो.

माझ्या नोकरीला धड नाव नव्हतं. माझं नाव गुणवंता, पण गाव मला "सामनेवाला" म्हणायचं. कुणी पोटासाठी ओझी उचलतो, कुणी हिशेब लिहितो, मी लोकांच्या समोर उभा राहत असे. लोकांनी मला ढकलायचं, ठोसे लगावायचे, पाडायचं आणि त्यातून शिकायचं. मार खाण्याची नोकरी म्हटलं तरी चालेल. आमची देवका, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांना तसंच सांगायची. "हे धक्के खाते अन् आमी भाकर खातो."

ही नोकरी मला दिली लिन मास्तरांनी. ते चिनी होते. तरुणपणी कलकत्त्याहून दातांची विद्या घेऊन निघाले आणि गावोगाव फिरता फिरता हिंगणघाटच्या बाजारात स्थिरावले. दुकानावर पाटी होती, तिच्यावर लालचुटूक हिरड्यांत बसवलेली पांढरीशुभ्र दातांची रांग रंगवलेली. खेड्यातली पोरं ती पाटी पाहून रडायला लागत. मास्तर हिंदी बोलत आणि तीत आमची वऱ्हाडी कुठेही घुसत असे. मी तेव्हा जिनात कामाला होतो. मास्तर एकदा तिथल्या मॅनेजरसाहेबांच्या कवळीचं माप घ्यायला आले होते. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, रिकामी करताना एका बैलानं मला मागून ढुशी दिली. मी न पडता, न ओरडता नुसता वळलो, बैल पुढे निघून गेला आणि मी पुन्हा कापसाची टोपली उचलली. मास्तर उन्हात उभे राहून हे पाहत होते.

"बैल ने धक्का दिया, तुम लड़ा नहीं," ते म्हणाले. "मेरे पास नौकरी करेगा?"

काम दुहेरी होतं. दिवसा दवाखान्यात पेशंटचं डोकं धरायचं आणि पहाटे जिनाच्या रिकाम्या गोदामात मास्तरांच्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहायचं. मॅनेजरसाहेब नव्या कवळीनं ऊस खाऊ लागले होते, त्या आनंदात त्यांनी गोदाम वापरायला दिलं होतं.

त्या पहाटांबद्दल लिहायला बसलो की मला झोप आणि जाग यांच्या मधलंच काहीतरी आठवतं. पत्र्याच्या भोकांतून उजेडाच्या बारीक काड्या खाली उतरत. हवेत रुईचे तंतू तरंगत असत, वर जाताहेत की खाली येताहेत ते समजत नसे. जमिनीवर रुईचा थर, त्यामुळे पावलांचा आवाज नाही. बाहेर वणा नदीवरून गारवा यायचा. सरकीचा तो तेलकट, उबदार वास तर अजूनही कधी झोपेत येतो. भोंगा वाजेपर्यंत ते गोदाम जिनाचं नसायचं, ते आमचं असायचं.

गाव याला "चिनी कुस्ती" म्हणायचं, पण ती कुस्ती नव्हती. कुस्तीत पकड असते. इथे पकडायचंच नाही. दोघांनी एक एक पाय पुढे टाकून उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि डोळे मिटायचे. एकानं रेटा द्यायचा. दुसऱ्यानं तो अडवायचा नाही, पाटाच्या पाण्याला बांधानं वळवावं तसा वळवायचा. ज्याचा पाय जागचा हलला तो हरला. ठोसे नंतर यायचे, आणि त्यांचा नियम असा की ते कपड्याला लागावेत, कातडीला लागू नयेत. मास्तर म्हणत, "आँख झूठ बोलता है. हाथ से सुनो." दात काढतानाही ते हेच करत. पेशंटच्या जबड्यावर डावा हात ठेवून डोळे मिटायचे आणि दात हिरडीतून सुटायला कधी राजी होतो ते हातानं ऐकायचे. घाईनं ओढलेला दात मोडतो आणि घाईनं ढकलणारा माणूस स्वतःच पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

यात सामनेवाल्याचं काम काय, तर प्रत्येकाला त्याच्या मापाचा विरोध देणं. जास्त जोर लावला तर शिकणारा घाबरतो, कमी लावला तर फुशारतो. आईनं पोराच्या घासात तिखट किती घालावं, तितकंच नाजूक काम आहे हे. मी ते चांगलं करत असे, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

विद्यार्थी थोडेच होते, पण एकेक नग. त्यातले दोन सांगतो, कारण पुढे ते लागणार आहेत.

पहिले नारायणशेठ. बाजारात कापडाचं दुकान, देह भरलेला, मन लोण्याचं. ठोसा मारायच्या आधी "माफ करजो हं, भाऊ" म्हणायचे. त्यामुळे ठोसा कधी येणार ते मला आधीच कळायचं. पण पहिल्या दिवशी हे मन इतकं मऊ नव्हतं. मनगटाला मनगट लागल्याशिवाय हा खेळ सुरूच होत नाही, आणि मी कुठल्या वस्तीतून येतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेठनी हात पुढे केला आणि माझ्या मनगटाच्या जरा अलीकडे हवेतच थांबवला. मी खाली पाहत राहिलो. मास्तर आले, दोघांची मनगटं धरली आणि एकमेकांवर दाबली. "हवा से लड़ेगा?" एवढंच म्हणाले. शेठ त्या दिवशी वणेवर आंघोळ करून घरी गेले. पुढे पुढे आंघोळीचं नुसतं हात धुणं झालं, मग तेही विसरलं आणि एका सकाळी त्यांनी देवकेनं पाठवलेला चहा माझ्याच कपातून प्यायला.

आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्यानंतर वस्तीतली वडीलधारी मंडळी मोठ्या आशेनं मास्तरांकडे गेली. चीनमध्ये बुद्ध आहे, तेव्हा चार गोष्टी सांगा म्हणाली. मास्तर ओशाळले. "मेरी दादी को मालूम था," ते म्हणाले. "मेरे को सिर्फ दात मालूम." मंडळी हसत परत आली, आणि त्यातल्या दोघांनी जाताना दात दाखवून घेतले.

दुसरा किसन. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत पेट्या उचलायचा आणि सुटीला हिंगणघाटला, सासुरवाडीला यायचा. पेटी आपटली तर काय होईल याचा धाक इतकी वर्षं हातांत मुरलेला, की त्याला कशालाच धक्का देता येत नसे. मी मुद्दाम तोल सोडला, की हा पठ्ठ्या पाडायचं सोडून मला अलगद झेलायचा आणि पेटीसारखा हळूच जमिनीवर ठेवायचा.

"अबे, पाडाचं होतं मले!" मी म्हणायचो.

"पाडलं ना गा," तो म्हणायचा. "फक्त आवाज नाई केला."

मास्तर हसून हसून खाली बसायचे. असं सगळं छान चाललं होतं. सुरुवातीची वर्षं मास्तर स्वतः आमच्याबरोबर खेळत. शेवटची पाळी त्यांची. आम्ही आपला सगळा जोर लावत असू आणि ते वाऱ्यावरच्या पडद्यासारखे जरा हलून पुन्हा जागेवर. आम्ही मात्र रुईत पडलेलो. गुरूला पाडायचा प्रश्नच येत नव्हता, कारण ते पडतच नव्हते.

मग एका पावसाळ्यात त्यांना हिवताप झाला. बरे होऊन आले तेव्हा अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. त्या सकाळी मी मनगट टेकवलं, रेटा दिला आणि मला जाणवलं की हे आता पडणार. विचार करायला वेळ नव्हता. माझ्या हातानंच जोर काढून घेतला. मास्तर उभे राहिले. मी मागे सरकून रुईत बसकण मारली. शेठ आणि किसन दोघंही पाहत होते. मग शेठ समोर गेले, ते पडले. किसन गेला, तोही पडला. भोंगा वाजला आणि आम्ही आपापल्या वाटेनं निघून गेलो.

या गोष्टीवर आमच्यात एक शब्दही झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं. पण आपल्याकडे वस्तादाला कोण पाडतो? ज्याच्या पाया पडायचं त्यालाच पाडायचं, हे कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. त्या दिवसापासून आमचा रोजचा रिवाजच झाला तो. मास्तर समोर आले की आम्ही हात रिकामे करत असू. मी तर त्यात इतका तरबेज झालो, की जोर नाही हे कळू नये एवढाच जोर ठेवत असे. म्हाताऱ्याची सेवा करतोय असंच वाटायचं मला.

हिवाळा लागला तसे मास्तर दवाखान्यात विचित्र वागू लागले. पेशंट खुर्चीत बसायचा, मी डोकं धरायचो, मास्तर जबड्यावर हात ठेवून डोळे मिटायचे. मिटलेलेच राहायचे. मग हात काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "नागपूर जाओ. वहाँ बड़ा डाक्टर है." साध्या हलत्या दातालाही नागपूर! लोक कुरकुरत निघून जात. दिवसेंदिवस खुर्ची रिकामी राहू लागली. त्यात माझीच एक दाढ ठणकायला लागली. मी तोंड उघडून दाखवलं, तर मास्तरांनी लवंगेच्या तेलाचा बोळा दिला आणि तोंड फिरवलं. माझा गाल इडलिंबाएवढा झाला, तरी तेच.

आणि एका सकाळी गोदामात, डाव आटोपल्यावर, मास्तर रुईवर मांडी घालून बसले. आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहत होते.

"बस," ते म्हणाले. "अब बंद. मेरा हाथ बहरा हो गया."

आम्हाला कळेना.

"गुनवंता का हाथ लगता है, खाली लगता है. सेठ का हाथ, खाली. किसन का, खाली. सब खाली. कोई आवाज नहीं. बुखार ने ले लिया." त्यांनी बोटं मिटली. "ऐसा हाथ किसी के मुँह में नहीं डालना. जबड़ा तोड़ देगा. मैं कलकत्ता जाता. भतीजा है. होली के पहले जाता."

ते उठून गेले. किसन रडायलाच लागला. शेठ म्हणाले, वय झालं, देवाची इच्छा. मी तोंडात बोळा धरून घरी आलो.

देवका चुलीपाशी होती. मी तिला सगळं सांगितलं, अगदी पावसाळ्यातल्या त्या पहिल्या दिवसापासून. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे तुमी सारे त्या म्हाताऱ्याले रोज आळणी जेवाले वाढून राह्यले," ती म्हणाली. "अन् तो म्हणते का माई जीभ मेली. अजी, त्याची जीभ चांगली हाय! तुमच्या भाजीत मीठ नाई!"

दाढेचा ठणका क्षणभर थांबल्यासारखा वाटला. हातानं ऐकायची विद्या शिकवणारा माणूस इतके महिने बरोबरच ऐकत होता. हात रिकामे होते म्हणून त्याला रिकामे लागत होते. आम्ही प्रेमानं त्याला बहिरा ठरवून टाकलं होतं.

"मंग काय करू?" मी विचारलं.

"मीठ टाका, आनखी काय? काऊन, हे बी मलेच शिकवा लागते का?"

संध्याकाळी मी शेठच्या दुकानात गेलो, किसनची सुटी अजून बाकी होती, त्यालाही तिथेच बोलावलं. मास्तरांना खऱ्या जोरानं पाडायचं, असं मी म्हटल्याबरोबर शेठच्या हातातला कापडाचा गज खाली पडला.

"गुरूले पाडाचं? पाप लागन, गुणवंता. अन् हाड मोडलं तं? या वयात हाड जुळत नाई."

"नाई पाडलं तं ते चाल्ले कलकत्त्याले," मी म्हटलं. "हात धड असताना, बहिरे समजून. ते पाप कोनाच्या माथी?"

शेठनी गज उचलून जागेवर ठेवला. मग किसन म्हणाला, "तू पाडजो. मी मांगं उभा राहतो. आवाज नाई होऊ देत."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही लवकर गेलो. हंगाम ऐन भरात होता, गोदामाच्या कोपऱ्यात मोकळ्या रुईचा मोठा ढीग होता. शेठनी कपाळाला आठ्या घालून, पण आपल्या हातानं, ती रुई ओढून मास्तरांच्या जागेमागे पसरली. थर गुडघ्याएवढा झाला तरी ते आणखी ओढतच होते. मास्तर आले. निरोपाचा डाव समजून त्यांनी स्वच्छ अंगरखा घातला होता. मी वाकून पाया पडलो, मग उभा राहिलो. मनगटाला मनगट टेकलं. आम्ही दोघांनी डोळे मिटले.

"किसन," मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "पीछे से हटो."

किसननं माझ्याकडे पाहिलं असणार. रुईवरून त्याची पावलं बाजूला सरकल्याचं मला जाणवलं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते फार सावकाश घडतं. त्यांचं मनगट माझ्या मनगटावर होतं, हलकं, कोरडं, उबदार. आमचे हात एकमेकांभोवती फिरत होते. झोपेत कूस बदलावी तसे. कुठेतरी बाहेर बंड्यांच्या बैलांच्या घंटा वाजत होत्या आणि मला वाटत होतं की हे असंच चालू राहावं, कुणालाच काही ठरवावं लागू नये. मला त्यांच्या पायांतला कंप कळत होता. मग मी पायाच्या टाचेतून जोर उचलला, कमरेतून वर आणला आणि सगळाच्या सगळा त्यांच्या मनगटात सोडला. काहीही हातचं राखलं नाही.

त्यांचं मनगट तो जोर लागायच्या आधीच वळायला लागलं होतं. अचूक दिशेनं. हे मी शपथेवर सांगतो. हात वळला, खांदा वळला, कंबर वळली. पण पाय नाही वळला. पाय म्हातारा झाला होता. मी डोळे उघडले तेव्हा मास्तर हवेत होते, आणि मग रुईत गडप झाले.

पांढरा ढग उठला. उजेडाच्या काड्यांमधून रुई वर गेली आणि तरंगत राहिली. शेठ "अरे देवा" म्हणून मटकन खाली बसले. ढिगातून कसलाच आवाज येईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर जन्म गेल्यासारखा वाटला.

मग ढिगाच्या आतून हसू आलं. आधी खोकल्यासारखं, मग मोठमोठ्यानं.

"सुनाई दिया!" मास्तर ओरडले. भुवयांना, मिशीला, कानाला रुई लागलेली. "गुनवंता! आया, सुनाई दिया! एड़ी से चला, मेरे को सुनाई दिया!"

ते उठायला लागले. किसननं त्यांना दोन्ही हातांनी उचललं आणि अलगद उभं केलं. या खेपेला त्याला कुणी हटवलं नाही. मास्तर माझ्यासमोर आले. मी पाया पडायला वाकणार, तोच त्यांनी माझा खांदा धरून मला सरळ केलं. एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यात ठेवून माझ्यासमोर मान झुकवली. "हमारे गाँव में," ते म्हणाले, "चेला उस्ताद को गिराता, तब उस्ताद मिठाई बाँटता. तुम लोग ने मेरे को इतना दिन भूखा रखा. काऊन?"

मी देवकेचं आळण्या जेवणाचं बोलणं त्यांना जसंच्या तसं सांगून टाकलं. ते ऐकताना त्यांचं हसू ओसरलं आणि डोळे भरून आले. माझेही भरले होते. शेठ तर उघडउघड उपरण्यात तोंड लपवून रडत होते, आणि पाप लागायचं राहून गेलं ते गेलंच.

भोंगा वाजला. मास्तर मला दंडाला धरून बाजारातून तसेच घेऊन निघाले. दोघांच्या अंगावर रुई. लोक वळून पाहत होते. दुकान उघडून त्यांनी मला खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत मी रोज दुसऱ्यांची डोकी धरत आलो होतो, माझं डोकं धरायला त्या दिवशी कुणी नव्हतं.

"मुँह खोलो. आँख बंद."

डावा हात जबड्यावर आला. मनगट माझ्या गालाला टेकलं. आणि मला वाटलं, आम्ही अजून गोदामातच आहोत, हाताभोवती हात फिरतोय, कुणी ढकलत नाही, कुणी पडत नाही. ते थांबले, ऐकत राहिले. बाजार जागा होत होता, कुणीतरी रस्त्यावर पाणी शिंपडत होतं. मग आत कुठेतरी दाढ राजी झाली. कळ आली ती निघून गेल्यावरच मला समजली.

मास्तरांनी दाढ माझ्या तळहातावर ठेवली. अखंड होती, मुळांसकट. त्यांनी खळग्यात कापसाचा बोळा दाबून बसवला, संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं आणि दुकानाच्या दाराची दुसरी फळीही उघडली. बाहेर एक बाई गालाला पदर लावून उभी होती. मास्तरांनी तिला आत बोलावलं आणि हात धुवायला घेतले.

"गुनवंता," पाठमोरेच ते म्हणाले, "घर जाके देवका को बोलो. नमक बराबर था."

मी घरी गेलो. देवका दारातच वाट पाहत उभी होती, काय झालं म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती. तोंडात कापूस होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मला ते सांगता आलं नाही.